आमची वाटचाल : आधी भिंग, मग औषध

वर्धापनदिनासाठी चार ओळी लिहून द्या म्हणून ऑफिसातली पोरं मागे लागलीत, पण चार ओळीत हे मावायचं नाही, आणि काही गोष्टी एकदा लिहून टाकल्याशिवाय मलाही चैन पडणार नाही.

आमचं काम तुम्हाला माहितीच आहे. कुंडीतली माती आली की त्यात काय राहतंय ते ओळखून सांगायचं. सुरुवात मी आणि अण्णांनी केली. अण्णा पार्टनर, वयाने मोठे, हात सोन्याचा. दहापट भिंग, एक जुना स्टिरिओ मायक्रोस्कोप, बारीक ब्रश, सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटल्या आणि अण्णांनी पत्रा वाकवून केलेलं फनेल, एवढाच संसार. हे फनेल म्हणजे 1905 साली इटलीच्या बर्लेसेने काढलेली युक्ती, बल्ब नंतर टुलग्रेनने लावला. माती जाळीवर ठेवायची, वरून बल्ब, माती वरून सुकत जाते तसे किडे ओलाव्याकडे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. आजही तेच फनेल वापरतो, नवीन घेतलेलं स्टीलचं नुसतं शोभेला आहे. (बल्ब मोठ्या वॅटचा लावू नका हो, घाई केली की बारीक जीव खाली उतरायच्या आत वरच वाळून मरतात.)

सगळं बरं चाललेलं आणि मग ते गृहस्थ आले. नाव घेत नाही, धंद्यातले ओळखतील. त्यांची पद्धत अशी, ऑफिसात जायचं, कुंडीत भरपूर पाणी ओतायचं आणि मॅडमना बोलावून दाखवायचं, बघा बघा कसे उड्या मारतायत, हे मुळं खातात! आता तुम्ही आम्ही जाणतो ते स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेला चिमटा असतो तो सुटला की उडी, पाण्यावर तरंगतात, बुरशी आणि कुजका पाला खातात, झाडाला काही करत नाहीत. हल्ली तर त्यांना काटेकोर अर्थाने कीटकही धरत नाहीत, सहा पाय असले तरी. पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार, दर महिन्याला औषधाची आळवणी, म्हणजे औषधाचं पाणी कुंडीत ओतायचं, असं कॉन्ट्रॅक्ट तिथल्या तिथे सही. औषधाने मरायचे, माती ओलीच्या ओली, की परत यायचे, की परत औषध. त्यांचं बिल चालू.

आणि आमचा रिपोर्ट काय, "काही करू नका, पाणी कमी घाला." याचे पैसे कोण देतं? एकेक ऑफिस गेलं. जागेचं भाडं थकलं, मायक्रोस्कोप विकायला काढला, गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं. अण्णा म्हणाले आपणही आळवणी सुरू करू, मी नाही म्हणालो, आणि अण्णा गेले. कुठे गेले? त्या गृहस्थांकडेच! अजून लागतं ते.

तेव्हा टिकल्या एकट्या काकू. काकूंकडे होया नावाच्या शोभेच्या वेलींचा मोठा संग्रह, माती तपासायला पहिल्यापासून आमच्याकडे. त्यांच्या मैत्रिणीच्या कुंड्यांवर त्या गृहस्थांची आळवणी चालू होती तरी पानं पिवळी, वाढ खुंटलेली. काकू त्यातली एक कुंडी उचलून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बघ रे जरा, ते म्हणतात हे पांढरं खताचं मीठ आहे." झाड कुंडीतून सरकवून काढलं तर मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर कापसासारखे पांढरे ठिपके. सुई लावली. मीठ किंवा परलाइट (मातीत मिसळतात ते पांढरे हलके खडे) असतं तर टणक लागलं असतं, बुरशी असती तर तंतू ओढले गेले असते, हे मऊ निघालं आणि पाय हलले. मुळांवरचा पिठ्या ढेकूण! मुळांना चिकटलेला हा प्राणी फनेलमध्ये सहसा उतरत नाही, झाड काढूनच बघावं लागतं, आणि इतक्या महिन्यांत एकदाही कोणी काढलं नव्हतं. मैत्रिणीने बाकीच्यांना सांगितलं, त्या बाकीच्यांनी ऑफिसात. मायक्रोस्कोप राहिला.

नंतरची वर्षं नीट गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

विषय निघालाच आहे तर सांगतो, चिलटांचं. मातीवर काळी चिलटं घोंघावतात म्हणून उडणाऱ्यांवर फवारू नका, खरा उपद्रव मातीत आहे. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दोन-तीन दिवस ठेवा, उलटून बघा, काळ्या चकचकीत डोक्याची पारदर्शक अळी दिसली तर तीच. वरचा थर सुकू द्या, पिवळे चिकट कार्ड लावा, फार झालं तर बीटीआय, म्हणजे या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध. आणि आठ पायांचे तपकिरी, संथ चालणारे माइट दिसले तर त्यांना त्यांचं काम करू द्या, ते कुजकंच खातात.

हल्ली ते गृहस्थही "आधी ओळख, मग उपचार" असं छापतात. छापा बापडे. किडे ओळखायचा आमचा चित्रांचा तक्ताही लावलाय, नाव कापून, पण त्यातलं माइटचं चित्र अण्णांच्या हातचं आहे, मी कुठेही ओळखेन.

नमुना पाठवताना वरची चिमूटभर माती पाठवू नका, मुळाजवळची मूठभर हवी, झाकणाच्या डब्यात, औषध मारायच्या आधीची. मारून झाल्यावर पाठवलेल्या मातीत मेलेले स्प्रिंगटेल सोडून आम्हाला काही सापडत नाही, आणि मग तुम्हीच म्हणता रिपोर्ट अपुरा आहे.