एस्टीमचं हेड आणि कॅम निवडताना: माझा अनुभव

आमच्या आर्णी तालुक्यात इंजिन म्हटलं की ट्रॅक्टरचं, नाहीतर विहिरीवरच्या डिझेल पंपाचं. पेट्रोल गाडीचं इंजिन शर्यतीसाठी बांधायचं तर विचारायला जवळपास कोणी नाही. मी बांधलं, त्यात हेड (सिलिंडरांवरचं, हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असलेलं झाकण) आणि कॅमशाफ्ट, म्हणजे ते व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ठरवायला सगळ्यात जास्त डोकं लागलं. एखाद्या तालुक्याच्या गावात बसून कोणाला हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून सगळं मांडतो.

गाडी मारुती एस्टीम, 1996 ची, कार्बोरेटरवाली, आठ व्हॉल्व्हची. बोअर 74 मिमी, स्ट्रोक 75.5 मिमी, एकूण 1298 सीसी. कंपनीच्या कागदावर ताकद 65 बीएचपी. मला ती ऑटोक्रॉसमध्ये उतरवायची होती. त्यात मातीच्या मैदानावर आखलेल्या वळणावळणाच्या वाटेवर एकेक गाडी वेळ लावून सोडतात. रस्त्यावर अशी गाडी काढता येत नाही. कंपनीच्या रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे, त्यामुळे ती टेम्पोवर चढवूनच न्यावी लागते. शिवाय स्पर्धा एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटार शर्यतींची संघटना) मान्यतेची असेल तर आपल्या वर्गात इंजिनाला काय चालतं आणि काय नाही, ते नियमपुस्तक आधी वाचा. पैसा त्यानंतर काढा.

यवतमाळला ट्रॅक्टरच्या हेडांचं काम करणारे एक मिस्त्रीकाका आहेत. त्यांच्याकडे मी तीन कॅमची नावं लिहून नेली होती. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तुले गाडी पळवाची कुठं हाय, थे सांग पयले." माझी पुढची सगळी निवड या एका प्रश्नातून झाली. मैदान लहान, वळणं आखूड, गाडी जवळजवळ सगळा वेळ दुसऱ्या गिअरमध्ये. वळणातून बाहेर पडताना इंजिन 3000 आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास असतं आणि पुढच्या ब्रेकपर्यंत 6500 ला पोचतं. म्हणजे मला ताकद हवी ती या पट्ट्यात. 8000 वर मिळणाऱ्या दहा घोड्यांचा मला काही उपयोग नाही.

पहिला प्रश्न हेडचा. 1999 नंतरच्या एस्टीमला सोळा व्हॉल्व्हचं हेड आलं आणि ताकद 85 बीएचपी झाली. ते हेड आपल्या ब्लॉकवर चढवावं असा मोह कोणालाही होईल. एका सिलिंडरला दोन इनटेक (हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह असले की हवा आत यायला वाट मोठी मिळते, यात वादच नाही. पण त्या हेडबरोबर इंजेक्शन येतं, ते चालवणारा ईसीयू नावाचा संगणक येतो, वायरिंग येतं. कार्बोरेटर ठेवायचा तर त्यातून हेडकडे मिश्रण नेणारा मॅनिफोल्ड नवा बनवावा लागतो. ज्वलनकक्षाचा आकार वेगळा, म्हणून पिस्टनचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. तरी मी नागपूरला भंगारात एक हेड बघितलं. त्यावर सरळपट्टी ठेवली तर मधोमध 0.15 मिमीचं फीलर पान (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात जात होतं. चांगल्या हेडात 0.05 च्या वर जाऊ नये. चिरेत शिरणारा लाल डाय मारून पांढरी पावडर फवारली तेव्हा दोन एक्झॉस्ट सीटांच्या (धूर सोडणारे व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांच्या) मध्ये केसाएवढी लाल रेघ उमटली. कधीतरी पाण्याविना तापलेलं हेड होतं ते. जुनं हेड घेताना ही डायची परीक्षा केल्याशिवाय पैसे देऊ नका. डोळ्याला ती चीर दिसत नाही.

मग माझ्या गाडीचं आठ व्हॉल्व्हचं हेडच नीट करायचं ठरवलं, आणि माझ्या मते मातीवरच्या गाडीला हाच मार्ग बरा. दुसरं हेड कधी लागलं तर मिळतं आणि कोणताही फिटर ते उघडू शकतो.

पोर्ट, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा, मोठे करण्याबद्दल खूप गैरसमज आहेत. मला स्वतःला ते भरपूर रुंद हवे होते. मिस्त्रीकाकांनी हातातला ग्राइंडर खाली ठेवला. "पाट रुंद केला म्हणून पानी जास्त येते काय? मोटार तेवढीच हाय नं! पाट रुंद केला त पानी सुस्तावते, दांडात जाईपर्यंत जिरून जाते." अगदी तसंच होतं. पोर्ट रुंद केला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो. कार्बोरेटरच्या गाडीत मग पेट्रोलचे थेंब हवेबरोबर न जाता भिंतीला चिकटतात आणि वळणातून बाहेर पडताना इंजिन अडखळतं. म्हणून इनटेकच्या पोर्टचा व्यास जवळजवळ तसाच ठेवला. सीटच्या खाली ओतकामाची जी धार राहिलेली असते ती काढली, व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो त्या गाइडभोवतीचा उंचवटा निमुळता केला, मॅनिफोल्ड आणि हेडची तोंडं गॅस्केटच्या मापाने जुळवली. इनटेकला आरशासारखं पॉलिश करायचं नाही, थोडा खरखरीतपणा राहू द्यायचा. एक्झॉस्टला मात्र चांगलं पॉलिश, म्हणजे कार्बन कमी धरतो.

सगळ्यात जास्त फायदा सीट कटिंगमध्ये असतो असं माझं मत आहे. नुसत्या 45 अंशाच्या सीटऐवजी 30, 45 आणि 60 अशा तीन कोनांत सीट कापली की हवा व्हॉल्व्हच्या कडेवरून वळताना अडत नाही. ट्रॅक्टरच्या कामामुळे तिन्ही कोनांचे दगड काकांकडे होतेच. लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) झाल्यावर निळा रंग लावून सीटचा पट्टा सगळीकडून सारखा उमटतो का ते बघितलं, मग पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवलं. एकही थेंब खाली आला नाही तेव्हाच हेड टेबलावरून उचललं.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे आत आलेलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते. इथे अंदाज चालत नाही, मोजावंच लागतं. ओळखीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ब्युरेट (मापाच्या खुणांची काचनळी) आणला. हेड उलटं ठेवून व्हॉल्व्ह आणि जुना प्लग लावला. कक्षाच्या काठाला पातळसं ग्रीस लावून त्यावर छोटं छिद्र पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबली. ब्युरेटमधून रंगवलेलं रॉकेल त्या छिद्रातून सोडत गेलो. शेवटचा बुडबुडा छिद्राकडे सरकत आणावा लागतो, त्यासाठी हेड जरा तिरकं धरायचं. चार कक्ष 30.2 ते 31 सीसीच्या दरम्यान निघाले. लहान कक्ष घासून सगळे 31 ला आणले.

हिशोब असा: एका सिलिंडरचं स्ट्रोकमधलं आकारमान 324.7 सीसी. वर उरणारी जागा म्हणजे कक्षाचे 31, दाबलेल्या गॅस्केटचे 5.3 आणि पिस्टनच्या खोलगट माथ्याचे 3, एकूण 39.3. 324.7 मध्ये 39.3 मिळवून 39.3 ने भागलं की 9.26 येतं. मला 9.8 हवं होतं, त्यासाठी वरची जागा 36.9 वर आणायची, म्हणजे 2.4 सीसी कमी करायची. हेडला 0.6 मिमी फेस मारून (तळ तेवढा घासून) पुन्हा मोजलं आणि जवळपास तिथेच आलो.

10.5 का नाही? आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. हवा 15 अंशांवरून 45 अंशांवर गेली की तिची घनता नऊ-दहा टक्के घटते, आणि आत येणारं मिश्रण आधीच तापलेलं असल्याने नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून ठोके पडणं) लवकर सुरू होतं. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. त्याने ऑक्टेन (नॉकिंग टाळायची ताकद) वाढतो आणि बाष्प होताना ते उष्णता जास्त ओढतं, हे चांगलंच. पण त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण 14.7 पट धरलं तर इथे ते 13.5 च्या आसपास येतं. कार्बोरेटर स्वतःहून जुळवून घेत नाही, म्हणून जेट (पेट्रोल येण्याची छिद्रं) मोठे करावे लागतात. मिश्रण कोरडं पडलं (पेट्रोल कमी झालं) आणि कॉम्प्रेशनही चढं असलं तर पिस्टन जायला वेळ लागत नाही.

कॅम याच आकड्यांवर ठरतो, म्हणून हेड आणि कॅम वेगवेगळे निवडू नयेत. कोईम्बतूरहून मागवता येतील असे तीन पर्याय माझ्यासमोर होते: 264, 280 आणि 300 अंशांचे, म्हणजे क्रँक तेवढे अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारे. 300 वाल्यात लोब सेपरेशन (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन) 106 होतं. 300 मधून 106 ची दुप्पट वजा केली की ओव्हरलॅप 88 अंश. 264 वाल्यात सेपरेशन 110, म्हणून ओव्हरलॅप 44. ओव्हरलॅप म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही उघडे असण्याचा काळ. तो मोठा असला की आयडल (गाडी उभी असतानाचं इंजिनचं चालणं) डळमळतो आणि इनटेकमधला व्हॅक्यूम पडतो. व्हॅक्यूम पडला की त्यावरच ब्रेकला जोर देणारा बूस्टर लंगडा होतो, आणि ऑटोक्रॉसमध्ये तर दर वळणाला ब्रेक लागतो.

दुसरी गोष्ट इनटेक बंद होण्याची. 264 चा कॅम 108 च्या मध्यरेषेवर (पिस्टन वर असल्यापासून इनटेक पूर्ण उघडेपर्यंतचे अंश) बसवला तर पिस्टन खाली पोचल्यानंतर 60 अंशांनी इनटेक बंद होतो. 300 चा 106 वर बसवला तर 76 अंशांनी. तोवर पिस्टन वर निघालेला असतो आणि कमी आरपीएमला आलेलं मिश्रण परत बाहेर ढकलतो. म्हणून मोठ्या कॅमला चढं कॉम्प्रेशन लागतं. आमच्या उन्हात ते मला देता येत नव्हतं, त्यामुळे 264 वरच बोट ठेवलं.

लिफ्टसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलायचा त्यासाठी, सोपं गणित आहे. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या चौथ्या भागाइतका उचलला की कडेची वाट आणि व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ सारखं होतं. माझा इनटेक व्हॉल्व्ह 36 मिमीचा, म्हणून 9 मिमी लिफ्ट घेतली. त्याहून जास्त घेतली असती तर स्प्रिंगवर ताण आणि फायदा थोडा. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत किमान मिलिमीटरभर मोकळीक उरते का, ते प्रत्येक स्प्रिंगवर मोजलं. जुनाच कॅम घासून घेणार असाल तर बेस सर्कल (लोबचा गोल भाग) लहान होतं आणि रॉकरचा, म्हणजे कॅमकडून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचा, टेकायचा कोन बदलतो. लोब रॉकरच्या पॅडच्या मधोमध टेकतोय ना ते बघा.

बसवताना खुणा जुळवून भागत नाही. हेडला फेस मारल्याने कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि त्याच बेल्टवर टायमिंग एखादा अंश मागे पडतं. त्यासाठी फिरवता येणारी कॅम पुली घेतली. 360 अंशांचं चक्र फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्डवर छापून घेतलं. जुन्या प्लगच्या पोटात बोल्ट बसवून पिस्टन अडवण्याचा खिळा केला. त्याने दोन्ही बाजूंना पिस्टन अडवून मधला आकडा काढला की खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असल्याची जागा) मिळतो. मग रिटेनरवर (व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरची चकती) डायल गेज टेकवून चढताना आणि उतरताना सारख्या लिफ्टचे अंश लिहिले, त्यांचा मध्य 108 वर येईपर्यंत पुली सरकवली.

त्याआधी पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले थापली, व्हॉल्व्हला तेल लावलं, हेड कसून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. क्ले कापून उरलेली जाडी मोजायची. इनटेकला किमान 2 मिमी आणि एक्झॉस्टला 2.5 मिमी लागते, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्या मागे धावत असतो. माझ्याकडे दोन्ही बाजूंना त्याहून थोडी जास्तच निघाली.

पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलवर सोडायचं नाही. लोब आणि रॉकर एकमेकांना बसेपर्यंत वीसेक मिनिटं 2000 ते 2500 च्या मध्ये ठेवायचं, तेल जस्तवालं घालायचं, आणि रेडिएटरसमोर मोठा पंखा लावायचा. काकांनी कपाशी फवारणीच्या पंपाने रेडिएटरवर पाणी मारत ठेवलं. मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) पुन्हा सेट केले. जेट एकेक पायरी वाढवत नेले आणि दर वेळी प्लग काढून बघितला. चिनी मातीवर फिकट विटकरी रंग आला तिथे थांबलो. 7000 ला, त्याच्या वर फेरे न जाऊ देणारा, लिमिटर लावला आहे. तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 17.6 मीटर होतो आणि मूळ कनेक्टिंग रॉडवर मी याच्या पुढे जाणार नाही. दुसऱ्या गिअरमध्ये 3000 पासून गाडी आता एकसारखी ओढते, आणि बूस्टर पहिल्यासारखाच ब्रेक धरतो.