२०० पैकी ९६

बुधवार, रात्री पाऊण वाजलाय.

आजही ते काम पाठवलं नाही. क्लायंटला सांगायला सकाळपासून तीन कारणं तयार होती, त्यातलं "नेट गेलं होतं" हे दुपारीच वापरून झालं. मग काय, हेडफोन लावले आणि मोझार्टचं डी मेजरमधलं फ्लूट क्वार्टेट (बासरी आणि तीन तंतुवाद्यांसाठीची रचना) सुरू केलं, त्याच्या रचनांच्या यादीतलं के २८५.

हे ऐकायचं कारणही तेच म्हणा. १७७७ चा डिसेंबर, हा २१ वर्षांचा पोरगा जर्मनीतल्या मानहाइममध्ये नोकरीच्या खटपटीत, आणि देजाँ नावाच्या हौशी बासरीवाल्या डॉक्टरने त्याला बासरीसाठी लिहायचं काम दिलेलं, २०० गुल्डन (तेव्हाचं तिथलं चलन) कबूल. (हा डॉक्टर डच ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी करून आलेला, म्हणून तिथली मंडळी त्याला चक्क 'इंडियन' म्हणायची, हे वाचून मी एकटीच हसत बसले.) हे क्वार्टेट २५ डिसेंबरला हातावेगळं झालं, बाकीचं रखडलं, आणि हातात पडले ९६. त्यावर वडिलांना लिहिलेलं पत्र म्हणजे तर कळसच, इथे निवांतपणा मिळत नाही, लिहिणं रात्रीच होतं त्यामुळे सकाळी लवकर उठवत नाही, रोज काही मूड नसतो, शिवाय जे वाद्य मला सहन होत नाही त्याच्यासाठी लिहायचं म्हटलं की हातपायच गळतात. अरे, ही तर माझीच कारणं, वाद्याचं सोडून! आलॉयसिया वेबर नावाच्या गायिकेच्या प्रेमात आकंठ बुडाला होता ते मात्र या यादीत नाही.

पहिला भाग छानच आहे, चटपटीत. पण मग मधला अडाजिओ, म्हणजे संथ भाग येतो, बी मायनरमध्ये. व्हायोलिन, व्हायोला, चेलो तिघंही गज बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी तारा छेडतात, टुप टुप टुप, हळू, आणि त्यावर बासरी एकटीच लांब लांब श्वास घेत जाते. मध्ये एकदा ती अशी थांबते की आपलाही श्वास अडकतो. सगळा मिळून अडीच-तीन मिनिटांचा खेळ. सहन न होणाऱ्या वाद्यासाठी हे? मला तर वाटतं बापाला सरळ थाप मारलीये.

आणि हा अडाजिओ नीट संपतही नाही, सूर अर्धवट लटकत ठेवतो आणि तिथूनच थेट उड्या मारणारा शेवटचा भाग, राँडो, सुरू. आज नेमकी त्याच फटीत ॲपने गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात घुसवली. प्रीमियम घेतलेलं नाही कारण पेमेंट यायचंय, आणि पेमेंट का यायचंय ते वर लिहिलंच आहे.

परत अडाजिओपासून लावलं.