डब्लिनचे साहित्यिक पब

डब्लिनमधले साहित्यिक पब पाहायला निघालेला बहुतेक प्रत्येक वाचक प्रथम ड्यूक स्ट्रीटवरच्या ‘डेव्ही बर्न्स’मध्ये जातो, आणि ते योग्यच आहे. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीतला लिओपोल्ड ब्लूम १६ जून १९०४ च्या दुपारी एका खाणावळीतल्या अधाशी जेवणाऱ्यांना किळसून बाहेर पडतो आणि येथे येऊन गॉर्गनझोला चीजचे सँडविच व बर्गंडी वाइन घेतो. आजची अंतर्गत सजावट मात्र ब्लूमच्या काळातली नाही; भिंतींवरची चित्रे नाटककार ब्रेंडन बीअनचे सासरे सेसिल सॉल्केल्ड यांनी नंतर काढलेली आहेत. समोरच ‘द बेली’ आहे. १९५४ मध्ये कादंबरीकार फ्लॅन ओब्रायन, कवी पॅट्रिक कॅव्हना आणि त्यांचे काही मित्र ब्लूमच्या मार्गाने शहरभर फिरण्यासाठी घोडागाड्यांतून निघाले होते. ती पहिली ‘ब्लूम्सडे’ (ब्लूमच्या १६ जूनच्या स्मरणाची) यात्रा अर्ध्यावरच या पबमध्ये थांबली.

मला स्वतःला फ्लीट स्ट्रीटवरचा ‘पॅलेस बार’ अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे पब हे साहित्यव्यवहाराचे ठिकाण कसे होते हे कळते. ‘आयरिश टाइम्स’चे संपादक आर. एम. स्मायली यांची बैठक तेथे मागच्या खोलीत भरत असे, आणि कवी, समीक्षक, चित्रकार त्यांच्याभोवती जमत. ॲलन रीव्ह या व्यंगचित्रकाराने १९४० मध्ये त्या खोलीतली सारी मंडळी एकाच चित्रात रेखाटली. ओब्रायनला दैनिकात सदर लिहायला दिले तेही स्मायली यांनीच. पुढच्या पिढीने हॅरी स्ट्रीटवरचा ‘मॅकडेड्स’ जवळ केला. बीअन आणि कॅव्हना दोघेही तेथे येत, पण त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नसे.

या जागांविषयी लिहिताना दारूचे कौतुक करणे मला मान्य नाही. बीअन १९६४ मध्ये अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेला, आणि त्यात मद्याचा वाटा मोठा होता. म्हणूनच पूलबेग स्ट्रीटवरचा ‘मलिगन्स’ चुकवू नये. ‘डब्लिनर्स’ या १९१४ च्या संग्रहातल्या ‘काउंटरपार्ट्स’ कथेत फॅरिंग्टन नावाचा नकलनवीस वरिष्ठाने केलेला अपमान गिळतो, घड्याळ गहाण टाकून सहा शिलिंग मिळवतो, मित्रांना पाजत पाजत अखेरीस येथे येतो, पंजा लढवताना एका तरुणाकडून हरतो आणि घरी जाऊन तो सारा राग लहान मुलावर काढतो. पबमधल्या आपुलकीबरोबरच तिची किंमत कोण मोजत होते हेही जॉइसने येथे दाखवले आहे. कथा काही पानांचीच आहे. संध्याकाळची गर्दी सुरू होण्यापूर्वी गेल्यास ती तेथेच बसून वाचता येते.