कलिंगड-काकडीची गार कोशिंबीर

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून कोवळी काकडी, कैरी आणि घट्ट गराचं कलिंगड आणा. चौघांना 2 काकड्या, 2 वाट्या कलिंगडाच्या फोडी, अर्ध्या कैरीचा कीस, 1 छोटा कांदा पुरे. काकडीचं देठाकडचं टोक आधी चाखा. एकच कडू निघाली तरी सगळं भांडं वाया जातं.

फोडी चाळणीत निथळत ठेवून तासभर फ्रीजमध्ये गार करा. मीठ मात्र ताटात वाढतानाच. मिठानं फोडींतलं पाणी सुटतं आणि दहा मिनिटांत कोशिंबिरीचं सार होतं! कैरी फार आंबट असेल तर चमचाभर किसलेला गूळ घाला. कांदा-लसूण चटणी नको, कोल्हापूर असलं तरी. कलिंगडाची चवच मरते. चिमूटभर काळं मीठ, हातानं तोडलेला पुदिना बास. 2 चमचे भरड शेंगदाणा कूट अगदी शेवटी, नाहीतर त्याचा चिखल होतो.