सगळ्यांना दहा-दहा मार्क वाढवून दिले तर?

परवा एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गावर गेले आणि फळ्यावर काही न लिहिता पोरांना फोन काढायला सांगितले. आमच्याकडे फोन दिसला की जप्त करायची पद्धत, त्यामुळे आधी कुणाला खरंच वाटेना. मग लिंक टाकली, एकच प्रश्न: पेपरात सगळ्यांना सरसकट दहा मार्क वाढवून दिले तर स्टँडर्ड डेव्हिएशनचं (म्हणजे मार्क सरासरीपासून किती पसरलेत, त्या मापाचं) काय होईल? वाढेल, कमी होईल, तेवढंच राहील, की सांगता येत नाही?

६३ पोरं होती. ३८ जणांनी "वाढेल" दाबलं. तेवढंच राहील म्हणणारे १९. आता गंमत बघा, आदल्याच आठवड्यात ह्याच पोरांच्या वह्या मी तपासल्या होत्या, सूत्र पाठ, तक्ता झकास आखलेला, उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर, आणि मी खूश होऊन सगळीकडे लाल पेनाने गुड लिहून मोकळी झालेले!

बरोबर उत्तर सांगितलंच नाही. म्हटलं तीन मिनिटं देते, शेजारच्याला पटवा. जो काही गोंगाट झाला म्हणता, बाजूच्या वर्गातले सर डोकावून गेले. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीलासुद्धा ऐकू येईल न येईल असं "प्रेझेंट" म्हणते, ती शेजारणीला म्हणत होती, "अगं जिन्यात उभ्या असलेल्या सगळ्याच एकेक पायरी वर चढल्या तर तुझ्या-माझ्यातलं अंतर बदललं का?" बारा वर्षं शिकवतेय, मला हे असं कधी सुचलं नाही. परत पोल घेतला, ५१ बरोबर.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्डला एरिक माझूर म्हणून फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, ते १९९१ पासून असं शिकवतात. त्यांचंही तेच झालं होतं, पोरं अवघड गणितं सोडवायची पण साध्या कल्पनेवर प्रश्न आला की चूक. त्यांचा हिशोब असा की पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर चर्चा करू द्या, त्याहून कमी असतील तर परत शिकवा, जास्त असतील तर पुढे चला. माझे ६३ पैकी १९ म्हणजे अगदी काठावर. सुरुवातीला ते पोरांना कार्ड वर करायला लावायचे, मग क्लिकर (उत्तराचं बटण दाबायचं हातातलं यंत्र) आले, आता फोन. फोन एवढ्यासाठीच बरा की हात वर करताना पोरं आधी हुशार पोराकडे बघतात, इथे दुसऱ्याचं उत्तर दिसत नाही.

२०२० मध्ये मात्र मला वाटलेलं की ऑनलाइन म्हणजे व्हिडिओ. पंचेचाळीस मिनिटांची लेक्चरं, स्वयंपाकघराच्या दारामागे फळा लावून, मागे कुकरच्या शिट्ट्या. नंतर यूट्यूबचा आलेख उघडून बघितला तर पोरं चार-पाच मिनिटांत पसार, आणि मध्येच एक उंच टोक, कुठे? जिथे मी म्हटलंय "हे परीक्षेला येतं". तसं लेक्चर कॅमेऱ्यासमोर देणं काही नवीन नाही, यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) कंट्रीवाइड क्लासरूम हा कार्यक्रम दूरदर्शनवर १९८४ ला सुरू झाला, आयआयटीतल्या प्राध्यापकांची लेक्चरं ऑनलाइन देणारं एनपीटेल २००३ चं, आणि आयआयटीच्या त्या प्राध्यापकांपेक्षा चांगलं मी काय रेकॉर्ड करणार? आता तर स्वयम ह्या सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायची मुभा २०२१ पासून आहे. मग मी वर्गात जाऊन तेच बोलायचं कशाला, हा प्रश्न मला खरंच पडतो.

म्हणून आता व्हिडिओ बंद. फळ्याचा फोटो आणि सहा-सात मिनिटांचा ऑडिओ, ग्रुपवर. नारायण पेठेत कॉट बेसिसवर चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या पोराकडे दिवसाचा दीड जीबी असतो, त्यात माझं लेक्चर कुठे बसणार, ऑडिओ मात्र तो पीएमटीच्या बसमध्ये लटकत ऐकतो (पीएमपीएमएल म्हणा हवं तर, पुण्यात कोण म्हणतं). आणि रविवारी रात्री पाच प्रश्न, त्यात दोन मागच्या महिन्यातले, मार्क नाहीत. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक ह्या दोघांनी दाखवलं होतं की परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्याने आठवून बघणारेच पुढे जातात. मार्क ठेवले की ग्रुपवर उत्तरं फिरतात किंवा चॅटजीपीटीकडून येतात, हे एकदा करून पस्तावलेय.

कॉलेजला ह्यातलं फारसं काही नको असतं, त्यांना जिओटॅग फोटो (कुठे काढला ते ठिकाण नोंदलेला) हवा असतो फाइलीत लावायला. दिला काढून. फोटोत सगळी पोरं फोनमध्ये डोकं घालून बसलीयेत, खाली लिहिलं "आयसीटीचा प्रभावी वापर" (आयसीटी म्हणजे माहिती-तंत्रज्ञान).

काल रात्री पावणेबाराला त्याच मागच्या बाकावाल्या मुलीचा मेसेज. "मॅम, झोपला नसाल तर. सगळ्यांचे मार्क दुप्पट केले तर पायऱ्याच उंच होतील ना?"

उत्तर दिलं नाही अजून. उद्या साडेसातच्या लेक्चरला हाच प्रश्न टाकणारे.