तुम्ही विचारलंत म्हणून: अर्जातला कर्ता

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून परभणीजवळच्या आमच्या गावातले लोक अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्याकडे येतात, आणि त्यांच्याबरोबर येणारी शिकलेली मुले नेहमी विचारतात, "सर, अर्ज औपचारिकही राहावा आणि एका वाचनात कळावा, यासाठी वाक्य कसे लिहायचे?"

मी त्यांना आधी कर्ता शोधायला सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने वडिलांसाठी लिहिले होते: "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अतिवृष्टीमुळे सोयाबीन पिकाचे नुकसान झालेले असून त्याबाबत कळविण्यात आलेले असतानाही पंचनामा करण्यात आलेला नसल्याने तो करण्यात यावा." व्याकरणाची चूक नाही, पण कोणी कळवले, कधी कळवले, कोणाला कळवले, यातले काहीच कळत नाही. त्या हंगामात प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेत पाण्याखाली गेल्यास ७२ तासांच्या आत कळवावे लागत असे, म्हणजे सारा दावा ज्या तारखेवर उभा होता तीच 'करण्यात आले' या शब्दांमागे दडली होती. आम्ही लिहिले: "१२ सप्टेंबरच्या रात्री माझ्या दोन एकरांतले सोयाबीन पाण्याखाली गेले. मी १३ तारखेला दुपारी विमा कंपनीला कळवले. आजपर्यंत पाहणीसाठी कोणी आलेले नाही. कृपया पंचनामा करावा."

लांब वाक्याला माझा विरोध नाही. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे तोवरचे सगळे वाचणाऱ्याला मनात धरून ठेवावे लागते. 'असून', 'नसल्याने', 'असता' यांची माळ लावली की धरलेले निसटते, पण 'जो अर्ज मी जूनमध्ये दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे' अशी 'जो-तो'ची जोडी वाक्य कितीही वाढले तरी वाट दाखवत राहते. 'अर्ज वाचून मंजुरी मिळाली' असे मात्र लिहू नये, कारण मंजुरी अर्ज वाचत नाही. 'कार्यवाही' आणि 'कारवाई' यांतही गल्लत नको: पहिलीत काम पुढे सरकते, दुसरीत कोणावर तरी बडगा येतो.

हे मला इतके जिव्हाळ्याचे का वाटते, तेही सांगतो. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले. माझ्या आजोबांना स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. पुढे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. आता अर्ज मराठीत असूनही ज्याचा आहे त्यालाच कळत नसेल, तर आजोबांची अडचण तशीच राहिली असे मला वाटते.

म्हणून अर्ज पुरा झाला की मी तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवतो. परवा एका आजींनी 'सदरहू' शब्दापाशी मला थांबवून विचारले, "हे कोण, बाबा?" मी तो खोडला आणि तिथे त्यांच्या मुलाचे नाव लिहिले.