माउंटखालचं आभाळ

इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या एका छोट्या कार्यशाळेत मी कागदावरची जुनी चित्रं दुरुस्त करते. निम्मं आयुष्य दुसऱ्यांनी लावलेला चिकटा काढण्यात जातं.

गेल्या महिन्यात ऐंशीच्या घरातले एक आजोबा जलरंगातलं चित्र घेऊन आले. कौलारू कॉटेज, दारात हॉलीहॉकची फुलं, कुंपणालगत वाट, वर गुलाबी आभाळ. इकडे अशा चित्रांना तोटा नाही. चित्रकार हेलन ॲलिंगहॅम 1881 मध्ये इथल्या विटली गावाजवळ राहायला आली आणि इथली जुनी घरं रंगवत सुटली. तसं रंगवणारे मग पुष्कळ झाले. या चित्रावर सही नव्हती. "आईची संध्याकाळ," आजोबा म्हणाले. "तपकिरी ठिपके तेवढे घालवा. नातीला द्यायचंय."

मागची फळी काढली तर कुण्या फ्रेमवाल्यानं चित्र चक्क चिकटपट्टीनं माउंटला, म्हणजे चित्राभोवतीच्या खिडकीवाल्या पुठ्ठ्याला, डकवलेलं. गव्हाच्या खळीनं या लोकांचं काय घोडं मारलंय, कळत नाही. कोमट स्पॅच्युलानं पट्टी तसूतसूनं उचलायची, उरलेला चिकटा क्रेप रबरानं टिपायचा, श्वास रोखून. दोन दिवस गेले. माउंट सुटला आणि वरच्या कडेला चार मिलिमीटरभर वेगळंच आभाळ निघालं. निळसर करडं.

तेव्हा ढगांचा करडा बऱ्याचदा नीळ आणि लाइट रेड मिसळून करत. नीळ उजेडात विटते. लाइट रेड पडली गेरूच्या जातीची माती, ती ढिम्म हलत नाही. रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी 1888 च्या ब्रिटिश सरकारी अहवालात जलरंग उजेडात कसे विटतात ते मांडलंय. आम्ही अशा चित्रावर 50 लक्सच्या वर उजेड पडू देत नाही, आणि हे दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगलेलं. निळीनं राम म्हटला, गेरू उरला. मग वाटेवरची कोंबडी नीट पाहिली. सावली आखूड, पायांलगत. भर दुपार!

मी हरखून आजोबांना बोलावलं, पट्टी दाखवली, कोंबडीही दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. "शेवटी शेवटी आई बाहेर पडायची नाही. दिवेलागणीला याच्यासमोर बसायची." मग म्हणाले, "झाका ते."

नव्या माउंटची खिडकी त्यांनी जुन्यापेक्षा दोन मिलिमीटर लहान कापून घेतली. सहकारी म्हणतो, विचारलं नव्हतं तर सांगायचं कशाला? नोंद करणं माझं कामच आहे. पण बोलावून दाखवणं? माझा अहवाल त्यांनी घडी घालून खिशात टाकला. त्या पट्टीचा फोटो मात्र टेबलावरच ठेवून गेले. तो माझ्या खणात आहे.